रोजच्या रस्त्याच्या मापाची गाडी

चिखलीला रेल्वे नाही. खामगाव ते जालना हा चिखलीवरून जाणारा लोहमार्ग व्हावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, पण आजही आगगाडीत बसायचं तर मलकापूर, शेगाव नाहीतर जालना गाठावं लागतं. ज्याचं काम गावाबाहेर आहे त्याच्यासमोर एसटी, दुचाकी आणि स्वतःची चारचाकी एवढेच मार्ग उरतात. मी बुलढाण्याला भौतिकशास्त्र शिकवते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते-येते. गाडी चालवणं मला मनापासून आवडतं. म्हणूनच असेल, ओळखीत कुणी गाडी घ्यायला निघालं की फोन येतोच: "मॅडम, कोणती घ्यावी?"

सोयीची गाडी रटाळ असते आणि मजेची गाडी महाग, वेगवान असते, असं धरून लोक हा प्रश्न विचारतात. मला तसं वाटत नाही. रोजच्या रस्त्यावर जे गुण खिशाला परवडतात, बहुतेक तेच गुण चालवणाऱ्याला आनंद देतात. खाली लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. आधी आपला रस्ता लिहून काढा

शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी एका कागदावर आपला रोजचा रस्ता लिहावा. माझा असा आहे: चिखली ते बुलढाणा, पंचवीसेक किलोमीटर. गावातून निघताना ऑटो, शाळेच्या व्हॅन, भाजीच्या हातगाड्या. मग केळवद, पुढे येळगावचं धरण, आणि बुलढाण्यात शिरताना पुन्हा गर्दी. मधे ट्रॅक्टर-ट्रॉली, एसटी, मेंढरांचे कळप, आणि सुगीत रस्त्यावरच वाळत घातलेलं सोयाबीन. वेग ताशी ४० ते ८०. गाडीत बहुतेक वेळा मी एकटी, क्वचित एखादी सहकारी.

मग दुसरी यादी करावी, कधीतरीच्या प्रवासांची. अमडापूर-उंद्रीवरून खामगाव, शेगावचं दर्शन, जालन्याचा दवाखाना, मेहकर किंवा सिंदखेड राजाहून समृद्धी महामार्गावर चढून नागपूर.

आमच्याकडे निवड नेमकी उलट क्रमाने होते. दिवाळीत सगळं घर पंढरपूरला जातं म्हणून सात जणांची गाडी घेतली जाते आणि वर्षभर तीत एक माणूस आणि एक डबा प्रवास करतो. सात जणांना वर्षातून दोनदा न्यायचं असेल तर ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी करावी. हप्त्याच्या हिशेबात ती फार स्वस्त पडते, आणि घरातल्या सगळ्यांना आरामात बाहेर बघता येतं.

समृद्धीमुळे एक नवा प्रश्न आला आहे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि ५ जून २०२५पासून ७०१ किलोमीटरचा अख्खा मार्ग वापरात आहे. कारसाठी वेगमर्यादा १२०. तेव्हापासून लोक म्हणतात, "एकशेवीसला हलली नाही पाहिजे." चांगल्या टायरांवरची नऊशे किलोची गाडीसुद्धा ९०-१००ने शांतपणे नागपूर गाठते. त्या वरच्या वीस किलोमीटरसाठी रोजच्या पंचवीस किलोमीटरांवर वजन ओढत बसू नये.

२. मजा चाळीस ते सत्तरच्या मधे असते

पुढे ट्रॉली आहे, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसने मागे आहात, समोरचा रस्ता मोकळा दिसला. आता पाय दाबल्यावर गाडी किती लवकर सत्तरला जाते आणि किती निमूटपणे आपल्या बाजूला परत येते, यावर रोजच्या रस्त्यावरची सुरक्षितता ठरते आणि आनंदही. शून्य ते शंभरचे आकडे मी बघतच नाही. चिखलीत सिग्नलवरून शर्यत लावायला जागा कुठे आहे?

हा गुण येतो मुख्यतः वजनातून. स्विफ्टसारखी गाडी नऊशे किलोंच्या आसपास भरते. मोठ्या एसयूव्ही सतराशेच्या पुढे जातात. कमी वजन हलवायला कमी जोर लागतो, थांबवायला कमी ब्रेक लागतो, वळवताना पुढचे टायर कमी घासतात. राजूर घाटात मोताळ्याकडे उतरताना हा फरक हातापायांना थेट कळतो. हलकी गाडी वळणात सांगाल तिथे जाते. जड गाडीला वळणाच्या खूप आधी समजावावं लागतं. आणि हेच कमी वजन पेट्रोल, क्लच आणि ब्रेकचे पॅड वाचवतं.

माझ्याकडे चार सिलिंडरची पेट्रोल स्विफ्ट आहे. नवी स्विफ्ट २०२४पासून तीन सिलिंडरवर आली, तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत किंचित थरथरतं, हे खरं. पण डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या आणि २०१४पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन तीनच सिलिंडरचं होतं, आणि त्याच गाडीने अर्ध्या देशाला चारचाकी शिकवली. तीन सिलिंडरमध्ये आतलं घर्षण कमी, त्यामुळे अॅव्हरेज चांगलं. सिलिंडर मोजण्यापेक्षा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, चढावर चाळीसवरून सत्तरला नेऊन बघावी. खोकत गेली तर नको. गुणगुणत गेली तर पुढचं बोलणं करावं.

३. हलकी म्हणजे कच्ची, हा समज सोडा

"काहून एवढी पत्र्याची गाडी घेतली मॅडम?" हा प्रश्न मला पेट्रोल पंपावरसुद्धा विचारला गेला आहे. पत्रा अंगठ्याने दाबून गाडीची ताकद कळत नाही. धडकेत माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा, सीट बेल्ट आणि एअरबॅग. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आणि भारतात बनलेली गाडी हे करू शकते, हे प्रथमच दिसलं. पण नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या नव्या डिझायरलाही पाच तारे आहेत, आणि ती पेट्रोलमध्ये हजार किलोंच्या आत आहे. १ ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तिचा निकाल कुणालाही बघता येतो. गाडीच्या रंगाआधी तो बघावा.

एक गोष्ट मात्र मी टाळू देत नाही. समोरासमोरच्या धडकेची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, आणि बेल्ट लावलेल्या पुतळ्यांवर होते. मागे बसलेल्या सासूबाईंचा बेल्ट सीटखाली दडपलेला असेल, तर त्या पाच ताऱ्यांतला एकही त्यांच्या वाट्याला येत नाही.

४. उंचीचा आकडा आणि टायरची जाडी

खालून घासू नये, ही आमच्याकडची पहिली अट असते आणि ती रास्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक उंचीने जास्त आणि रुंदीने हातभर असतात. त्यात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. साइडपट्टी खचून डांबराची कड वीतभर वर राहते. समोरून एसटी आली की एक बाजू खाली उतरवावीच लागते.

पण कंपनी सांगते ती उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसं आणि सामान चढलं की गाडी काही सेंटिमीटर खाली बसते. स्विफ्ट-डिझायर १६३ मिलिमीटर, वॅगन-आर १६५, टियागो १७० आणि पंच १८७च्या पुढे. एकटीने किंवा दोघांनी जायचं असेल तर १६३-१६५ पुरतात. रोज पाच माणसं बसणार असतील, घर कच्च्या पांदीवर असेल, शेतात गाडी न्यायची असेल, तर पंचच्या वर्गातली घ्यावी. तो खर्च वाया जात नाही. दोन चाकांमधलं अंतर जास्त असलेली लांब गाडी पोटात घासते, हेही विसरू नये.

टायरकडे मात्र कुणी बघत नाही, आणि माझ्या मते पाठीचं सुख तिथेच असतं. एकाच स्विफ्टची दोन मॉडेल घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्याला १८५/६५ आर १५. यातला दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला की पहिल्याची भिंत १३२ मिलिमीटर निघते, दुसऱ्याची १२०. बाहेरचा घेर जवळपास सारखाच, पण पहिल्यात खड्डा आणि लोखंड यांच्यामध्ये बारा मिलिमीटर हवा-रबर जास्त. रुंद टायर वळणात थोडी जास्त पकड देतो, मान्य. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी जाड भिंतीच्या बाजूने आहे. शिवाय वाकलेली लोखंडी रिम गावातला मेस्त्री ठोकून सरळ करतो. अलॉयला तडा गेला की नवीन घ्यावी लागते.

टायरवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सेकंडहॅन्ड गाडी घेताना किंवा समृद्धीवर जाण्याआधी ते वाचावेत. नक्षी शाबूत असली तरी जुना रबर उन्हात तापलेल्या काँक्रीटवर दगा देतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

५. इंधन आपल्या किलोमीटरवरून ठरतं

डिझेलबद्दल आमच्या भागात अजून फार प्रेम आहे, आणि पूर्वी ते बरोबरही होतं. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि हिशेब बदलला. आता डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून मोकळी व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात दुकान-शाळा-बाजार करणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर जाणाऱ्याने डिझेलचा विचार करावा, इतरांनी करू नये.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट. तुमचं अॅव्हरेज थोडं उतरलं असेल तर इंजिन बिघडलं असं लगेच धरू नका. आपल्या तालुक्यात पिकणाऱ्या मक्यापासूनही इथेनॉल होतं. त्या तोट्याची दुसरी बाजू आपल्याच कुणाच्या तरी शेतात आहे. एप्रिल २०२३च्या आधीची गाडी घेत असाल तर तिचे पाइप आणि सील या पेट्रोलला चालतात का, हे मात्र विचारून घ्यावं.

सीएनजी स्वस्त पडतो, पण पंप रोजच्या वाटेवर असेल तरच. त्यासाठी वाट वाकडी करून रांगेत उभं राहायचं असेल तर वाचलेले पैसे वेळेत जातात. टाकी डिक्कीत असते, आणि टाटाने एका मोठ्याऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवून बरीच जागा परत मिळवली आहे. गाडी थोडी मंदावते. चढावर ओव्हरटेक करताना ते जाणवतं.

आणि वीज. इथे मला उत्साह आवरत नाही. रोज ठरावीक पन्नास किलोमीटर, रात्री घरी उभी करायला स्वतःची जागा, आणि घरात आणखी एक गाडी आहे, अशा माणसासाठी लहान विजेच्या गाडीइतकी मजेची रोजची गाडी दुसरी नाही. पाय ठेवला की पूर्ण जोर, गिअर नाही, आवाज नाही. टियागो ईव्हीची लहान बॅटरी १९.२ आणि मोठी २४ युनिटची आहे. एका युनिटला सात किलोमीटर धरले तरी रोज सात-आठ युनिट लागतात, म्हणजे १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रीचे अडीच-तीन तास. जाहिरातीतली रेंज एसी लावल्यावर मिळत नाही, म्हणून तिच्या दोन तृतीयांशावरच हिशेब करावा. आपल्या उन्हाळ्यासाठी बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने, हे आधी विचारावं. आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासल्याशिवाय चार्जर लावू नये.

६. गिअर

मला क्लच आणि गिअर आवडतात. घाटात आपल्या हाताने दुसरा टाकण्यात समाधान आहे. पण गुडघा दुखत असेल, गर्दीत फार वेळ जात असेल, तर एएमटी घ्यावा. तो साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. त्यामुळे अॅव्हरेज पडत नाही. गिअर बदलताना क्षणभर गाडी अडखळते; त्या क्षणी पाय किंचित उचलला की ते निम्म्याने कमी होतं. चढावर थांबताना गाडी पायातल्या अॅक्सिलरेटरवर धरू नये, ब्रेकवर धरावी, नाहीतर क्लच जळतो.

७. सगळ्यांना बसवून बघा

गाड्यांवर बोलताना पुरुषमंडळी इंजिनाबद्दल बोलतात आणि गाडी वापरणार असते घरातली बाई. माझी उंची पाच फुटांच्या जराशी वर. पुष्कळ गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये ड्रायव्हरची सीट वरखाली होत नाही आणि बॉनेटची कड मला दिसत नाही. सीटची उंची बदलणं आणि स्टिअरिंग खाली-वर होणं, या दोन गोष्टींसाठी मी एक मॉडेल वर जायला सांगते. सनरूफसाठी नाही. आमच्या एप्रिलमध्ये सनरूफ म्हणजे डोक्यावर आणखी ऊन.

साडी नेसून बसून बघावं. क्लच पूर्ण दाबल्यावर टाच जमिनीवर टेकते का, निऱ्या पायात येतात का, चप्पल पेडलच्या कडेला अडकते का. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी हँडब्रेकमध्ये अडकते का. हे सगळं शोरूममध्ये पाच मिनिटांत कळतं आणि नंतर दहा वर्षं सोबत राहतं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना नेऊन मी निरनिराळ्या गाड्यांत बसवून बघितलं. खाली वाकून बसावं लागतं त्या गाडीतून उठताना त्यांना हात द्यावा लागतो. फार उंच गाडीत पाय वर टाकता येत नाही. वॅगन-आरमध्ये त्या नुसत्या मागे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे खुर्चीसारखं आहे." वॅगन-आर १९९९पासून टिकून आहे त्यामागे हे सरळ बसणं आहे. घरात साठीच्या पुढची दोन माणसं असतील, तर बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवून सीटची उंची बघावी.

८. रात्रीची परीक्षा

गाडी दिवसा बघितली जाते आणि मग रात्री चालवली जाते. आमच्या रस्त्यांवर रात्री रोही उडी मारून आडवे येतात, रानडुकरं येतात, मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. मी वर्गात हे गणित घालते: ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, आणि मग कोरड्या डांबरावर थांबायला वीसेक मीटर. एकूण ३७. ताशी ८०ला हेच अंतर ५७च्या घरात जातं. डिपरवर साध्या दिव्याने चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं. रोजच्या गाडीचा रात्रीचा वेग या हिशेबात ठरतो. म्हणून गाडी घेण्याआधी अंधार पडल्यावर एक चक्कर मागावी. नुसता पांढरा, डोळे दिपवणारा प्रकाश कामाचा नाही. रस्त्याची डावी कड किती लांबवर उजळते ते बघावं.

सुगीतली एक सूचना. रस्त्यावर पसरलेल्या सोयाबीनवरून गाडी गेली की कुटार खाली अडकतं. ते गरम धुराड्याला लागून पेट घेऊ शकतं. पुढे थांबून एकदा वाकून बघावं.

९. ऊन

घाटावर चिखली-बुलढाण्याला हवा त्यातल्या त्यात बरी. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे उतरलं की मे महिन्यात गाडीची भट्टी होते. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्यावी आणि मागच्या सीटवर बसून एसी तपासावा. फिकट रंग घ्यावा.

१०. मग नावं

माझं कागदावरचं उत्तर असं. एकट्याने किंवा दोघांनी रोज तीस-साठ किलोमीटर जायचं आणि चालवण्याची हौस आहे: स्विफ्ट, जाड भिंतीच्या टायरांची, मॅन्युअल. डिक्की मोठी हवी: डिझायर. घरात वयस्क माणसं: वॅगन-आर. कच्चा रस्ता आणि शेत: पंच. घरी स्वतःची जागा, पक्की वीज आणि दुसरी गाडी: टियागो ईव्ही. यांतली प्रत्येक गाडी चार मीटरच्या आत आहे. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्के झालं आणि चार मीटरची ती रेघ आखली गेली. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४०.

नाव ठरलं की शोरूमच्या ठरलेल्या गुळगुळीत फेरीवर समाधान मानू नये. आपल्या गल्लीत रिव्हर्स घेऊन बघावी, आपल्याच खड्ड्यांतून न्यावी, घरचे चौघे बसवून आपल्याच गतिरोधकावरून काढावी. सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात कुठे आहे आणि साधा आरसा फुटला तर किती दिवसांत मिळतो, हे त्याच गाडीच्या दोन मालकांना विचारावं. विक्रेता घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावं. गाडी तिथेच असते.